हिऊसाठी निरोप

"हे आता वाचत नाही आम्ही." सांतोच्या रेडिओ केंद्रात काउंटरमागच्या तरुणानं चिठ्ठी परत सरकवली. "लांब बेटांवर पोचणारं प्रक्षेपण गेल्या महिन्यात बंद झालं. सगळं ॲपवर आहे."

लॉरिनानं चिठ्ठी उचलली नाही. वडील गेल्याच्या दोनच ओळी होत्या. हिऊ बेटावरच्या आटकिनला निरोप: धाकटा भाऊ वेबली सांतोत वारला, येत्या जहाजानं ये. असे निरोप रेडिओवर वाचले जात, तेव्हा उत्तरेकडच्या सगळ्या बेटांवर हातातली कामं थांबत.

"हिऊवर फोनला रेंज नाही. ॲप काय झाडाला लागणार आहे?"

"रेडिओ ऐकतंय कोण हल्ली, ताई? आम्ही पाहणी केली. हिऊहून एकही उत्तर आलं नाही."

"कशी केलीत पाहणी?"

"ऑनलाइन."

त्यानं हे इतक्या सरळपणे सांगितलं, की तिचा हात शिवशिवला.

"उद्या मेलेल्यांनाही विचाराल, काही तक्रार आहे का म्हणून. त्यांचंही उत्तर येणार नाही."

पोरगा ओशाळला. त्यानं केंद्राच्या पानावर निरोप टाकला, वडिलांचा फोटोसुद्धा लावला. संध्याकाळपर्यंत ब्रिस्बेन, ऑकलंड, नुमेआहून रडके चेहरे येऊन पडले. ज्यांनी वडिलांना कित्येक वर्षांत एक फोन केला नव्हता, त्यांनी 'निःशब्द' असं लिहिलं. लॉरिनानं फोन पालथा ठेवला.

पहिली मूठ माती आटकिनदादाची, एवढंच वडील मागून गेले होते. जहाज तर आधीच उत्तरेला गेलं होतं. परतताना ते हिऊला थांबायचं. शवागाराची माणसं रोज घाई करत होती. चर्चचे फादर म्हणाले, "जहाजापर्यंत थांबू, पोरी. त्यात आटकिन नसला, तर दुपारी पुरायचं."

जहाज आलं. कोनफळांची पोती उतरली, डुकरं उतरली, बायका उतरल्या. आणि त्यांच्यामागून फळीवर तोल सावरत आटकिन उतरला.

लॉरिना धक्क्यावरून धावत सुटली. कुणीतरी सांगितलं होतं! कसा का होईना, निरोप पोचला होता.

"थोरले बाबा! आलात तुम्ही!"

म्हातारा तोंडभर हसला. एका हातात काथ्यानं करकचून बांधलेला जिवंत नारळखेकडा होता, खांद्यावर जड पिशवी.

"वेबलीसाठी आणलाय. बोट सांभाळ, चावरा आहे. अगं, रडतेस काय अशी? लहान आहेस का आता?" त्यानं पिशवी हळूच जमिनीवर टेकवली. आत एकावर एक रचलेले जुने रेडिओ होते. "चल, आधी तुझ्या बापाला गाठू. त्याला इथले दुरुस्तीवाले ठाऊक असतील. गावातले सगळेच एका दिवशी बिघडलेत बघ."