अकरा सेकंदांची शांतता

टेपवरची शांतता अकरा सेकंदांची होती आणि यंत्राने तिच्यात चार ओळी लिहिल्या होत्या.

पन्नास वर्षांपूर्वी सरकारने चोरून ऐकलेले फोन आता यंत्र कागदावर उतरवत असे. तो उतारा टेपशी ताडून पाहायचा आणि टेपवर नसलेली ओळ तांबड्या शाईने खोडायची, एवढंच तपासनीस बाईंचं काम. ही नोकरी सोडायचं त्यांनी दोन वर्षांपूर्वीच ठरवलं होतं. पण तोंडातून ते कधी निघालं नव्हतं, नवऱ्यापाशीही नाही.

त्यांनी टेप पुन्हा ऐकली. नुसती खरखर.

पहिली ओळ होती, ‘स्त्री: आई, किल्ली विसरले, खाली टाका.’ सासूबाईंना त्या आज सकाळीच जिन्यावरून हे ओरडून म्हणाल्या होत्या. टेप तर त्यांच्या जन्माआधीची.

शेजारच्या टेबलावरचे काका हसले. “काय बाई, भूत बघितलंत की साहेब?”

“काका, हे जरा वाचा.”

काका चष्मा काढून पुसत बसले. “असलं आपण वाचायचं नसतं,” ते हळूच म्हणाले. “मी एकोणीस वर्षं खोडतोय.”

बाईंनी दुसरी ओळ पाहिली. ‘पुरुष: मी एकोणीस वर्षं खोडतोय.’

तिसरी होती, ‘स्त्री: मी ही नोकरी सोडतेय.’ आणि चौथी, ‘साहेब: आजवर कुणी सोडलीय?’

गप्प राहावं तर जन्मभर इथेच. बोलावं तर लिहिल्याबरहुकूम.

त्यांनी चौथी ओळ खोडली, कागद फाटेपर्यंत खोडली. मागे साहेबांच्या खोलीचं दार उघडलं.

“मी ही नोकरी सोडतेय,” बाई म्हणाल्या.