भिंतीवरचे आमदार

२०१४ सालची गोष्ट. ओमानमधल्या रुसैलच्या कारखान्यात स्वतः घडवलेली सागवानी फ्रेम घेऊन रमण सुतार मस्कतच्या एका बंगल्यावर पोचला. तिथल्या अमेरिकन साहेबाला त्यात आपल्या खापरपणजोबांची तसबीर लावायची होती. भरघोस गालमिशा, कोटावर सोन्याची साखळी आणि जगावर उपकार केल्यासारखा चेहरा.

रमण शिडीवर चढून तसबीर टांगत असताना साहेब इंग्रजीत कौतुक सांगू लागला आणि सुपरवायझर कौशिक माना डोलावत ते मराठीत सांगू लागला.

"दीडशे वर्षांपूर्वीचे बडे लाकूडव्यापारी होते, रमण. दोन जिल्ह्यांतलं जंगल एकट्याने तोडून विकलं. मग आमदार झाले आणि कायदा कसला आणला माहितीये? जंगलतोड बंदीचा!"

"जंगल खलास झाल्यावर?" रमणने विचारलं.

"गप रे, नोकरी घालवशील," कौशिक पुटपुटला आणि साहेबाकडे बघून गोड हसला. रमणला त्या हसण्याचीही किळस आली.

तो खाली उतरला. साहेबाने खुशीत त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि कौशिकला म्हणाला, "विचार त्याला, त्याचे आजोबा काय करायचे?"

रमणला तेवढं इंग्रजी कळत होतं. कौशिकने तोंड उघडायच्या आत त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत स्वतःच उत्तर दिलं.



"तेही लाकूडच तोडायचे, साहेब. चुलीपुरतं. पण आमच्याकडे कायदा आधी आला, म्हणून ते तुरुंगात गेले."