छापलेलं काळीज

“तुमच्यातली आई कोण?” अंबाजोगाईच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी विचारलं, आणि सहा वर्षांची सायली विमलबाईंना आणखीच चिकटली. विमलबाई तिची मोठी चुलती.

“मी,” शेजारून अयोध्या म्हणाली. शब्द भांडायला निघाल्यासारखाच तोंडातून बाहेर पडला.

सायलीच्या हृदयाला जन्मापासून छिद्र होतं, फुप्फुसाकडं जाणारी वाटही अरुंद. ऑपरेशन शहरात व्हायचं होतं. त्याआधी घरच्यांना नीट कळावं म्हणून मॅडमनी एक जाडजूड चष्मा काढला. तो लावला की माणूस थेट पोरीच्या हृदयात उभं राहतं म्हणे. सायलीनं तोही उचलून आधी विमलबाईंच्याच डोळ्यांवर चढवला.

“अगं बया, केवढी खोली ही!” विमलबाई चकित. अयोध्याचा नुसता जळफळाट झाला. पोर पोटात वाढवली आपण, अन् तिच्या काळजात पहिली शिरली जाऊबाई!

तसं तोंड उघडायला जागा नव्हती. दसरा झाला की अयोध्या नवऱ्यासोबत ऊसतोडीला जायची, ती उन्हाळ्यातच परतायची. पोर विमलबाईंकडं राहायची. टोळीचा ट्रॅक्टर निघाला तरी सायलीच्या डोळ्यांत टिपूस नसायचं. आयाबाया म्हणायच्या, शहाणी पोर. अयोध्याला तेच झोंबायचं. आपण हिचं कुणीच नाही की काय?

मॅडमनी सायलीच्या हातात लाल प्लास्टिकचं हृदय दिलं. मशीनवर छापून घेतलेलं, तिच्या मुठीएवढं. “हे तुझंच बरं का, हुबेहूब.” मग त्यांनी विचारलं, “हिचे ओठ निळे कधी पडतात?”

अयोध्यानं जावेकडं पाहिलं. विमलबाईच बोलल्या, “टॅक्टर वळनाआड गेला की. तवर दात आवळून धरती. मंग जी रडती, लई धाप लागती. आईला घोर नको म्हनती.”

“मला कावून न्हाई सांगितलं, अक्का?”

“तिनं शपथ घातलती.”

अयोध्याला हुंदका आवरेना. सायली विमलबाईंच्या मांडीवरून उतरली. ते छापलेलं हृदय तिनं आईच्या पदरात ठेवलं आणि इवल्या बोटांनी पदराला गाठ मारू लागली.

“औंदा जाताना ह्ये गठुड्यात घाल,” ती म्हणाली. “मला बी ने की गं संगं.”