पांढऱ्या गाडीचं वजन

"ही गाडी तुम्हाला पुरणार नाही," मास्तर गिऱ्हाइकाला म्हणाले, आणि काचेपलीकडे बसलेल्या मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला.

मोटरहोमच्या त्या दुकानात मास्तर हे एकटेच विक्रेते. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, पण गिऱ्हाइकासमोर फरशीवर खडूने गणित मांडायची सवय होती, म्हणून मास्तर. आजचं गिऱ्हाईक म्हणजे नुकतंच नोकरीतून मोकळं झालेलं एक जोडपं. मुलं मार्गाला लागली होती. आता दोघांना गाडीतच राहून वर्षभर हिंडायचं होतं.

"भरलेली गाडी साडेतीन हजार किलोच्या वर जाता कामा नये," मास्तर सांगत होते. "ही रिकामीच तीन हजार ऐंशी भरते. उरले चारशे वीस. हा तुमचा पेलोड. त्यात तुम्ही दोघं, पाणी, गॅस, कपडे, भांडी, सायकली, सगळं आलं."

"यांचं पोट वेगळं धरलंत की यांच्यातच?" बायकोने विचारलं.

"त्यांच्यातच," मास्तर गंभीरपणे म्हणाले. "शिवाय तुम्ही म्हणालात ते शिलाई मशीन. त्यापेक्षा ती निळी बघा. तिचा पेलोड दुप्पट आहे."

निळी त्यांच्या आवाक्याबाहेरची होती. विचार करून सांगतो म्हणून जोडपं निघून गेलं. असं म्हणणारे फारसे परत येत नाहीत, हे बाईंना पुरतं ठाऊक होतं.

मास्तरांचं काय बिनसलंय, ते बाईंना कळेना. निळ्या गाड्या गेल्या, करड्या गेल्या. ही पांढरी मात्र वर्षभर आवारात ठाण मांडून बसली होती. जो येई तो आधी तिच्याकडेच वळे आणि मास्तर पेलोडचं गणित मांडून त्याला परतवून लावत. गणित खरं असे, म्हणून बाईंना रागवताही येत नसे. पण तेच गणित करड्या गाडीला लावलं असतं तर तीसुद्धा कोणी घेतली नसती.

गेल्या आठवड्यात त्यांनी मास्तरांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं. पांढरी या महिन्यात गेली नाही, तर विक्रेता ठेवणं परवडणार नाही. मास्तर "बरं" म्हणाले आणि दुसऱ्याच दिवशी आणखी एक गिऱ्हाईक घालवलं. माणूस स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतो, तोही इतक्या शांतपणे?

बरं, कामचुकार म्हणावं तर तेही नाही. बाई सकाळी येत तेव्हा आवार झाडलेलं असे, आणि मास्तर इस्त्रीच्या शर्टात, केस विंचरून उभे. पांढऱ्या गाडीला तर ते इतके जपत, की आत शिरताना पायरीशी बूट काढत आणि गिऱ्हाइकालाही काढायला लावत. जी गाडी विकायची नाही तिचे एवढे लाड कशाला, हे बाईंना उमगत नव्हतं.

मागे घरमालकाने त्यांची खोली विकली, तेव्हाही मास्तरांनी रजा घेतली नव्हती. जागा मिळाली, कामाच्या जवळच आहे, एवढंच म्हणाले. बाईंनी आपला जुना सोफा देऊ केला, तर नको म्हणाले.

"घरात नवीन काही आणलं की जुनं काढावं लागतं, बाई."

चार दिवसांनी ते जोडपं चक्क परत आलं.

"पांढरीच घेणार," बायको म्हणाली. "मशीन बहिणीला देऊन टाकलं. आता यांना उपाशी ठेवते."

"पण आधी काट्यावर घालून बघायची," नवरा म्हणाला.

"काटा कशाला? कागदावर सगळं आहे की," मास्तर घाईघाईने म्हणाले. गणितातला शेवटचा किलो सोडायचा नाही असा हा माणूस, आणि त्याला काटा नको? बाईंनी किल्ली घेतली आणि स्वतःच गाडी बाहेर काढली.

काट्यावर सगळे खाली उतरले. आकडा आला तीन हजार दोनशे चाळीस. एकशे साठ किलो जास्त.

नवऱ्याने वाकून पाण्याची टाकी ठोकली. ती काठोकाठ भरलेली होती.

"विकायला ठेवलेल्या गाडीत शंभर लिटर पाणी?" बाई म्हणाल्या.

"गळते का ते बघायला भरलं होतं."

"आणि वरचे साठ किलो?"

मास्तरांनी खिशातून खडू काढला आणि काही न लिहिताच परत ठेवला. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. हातचा सौदा जाणार, अशी धास्ती बाईंना वाटली. हा माणूस मुद्दाम आपलं दुकान बुडवायला बसलाय की काय, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

पण बायकोने गोंधळ मिटवला. "पाणी सोडून द्या, बाकी काय असेल ते उतरवा. संध्याकाळी न्यायला येतो," ती म्हणाली. दुकानात परतल्यावर कागदांवर सह्या झाल्या आणि जोडपं हसत बाहेर पडलं.

बाईंच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. झालं गेलं विसरून त्या आवारात आल्या.

"मास्तर, नोकरी वाचली तुमची. आता गाडी रिकामी करा आणि आज जरा लवकर घरी जा."

मास्तरांनी पायरीशी बूट काढले, नीट जोडून ठेवले आणि दारावर हात ठेवून तसेच उभे राहिले.

"रिकामी करतो, बाई," ते म्हणाले. "पण त्यांना उद्या सकाळी यायला सांगाल का? आजची एक रात्र मला घरी झोपू द्या."