उष्ट्याचा नियम

न्हावा-शेवा बंदरातल्या यंत्राने दादासाहेब मगदुमांच्या बोटातलं रक्त चाखलं आणि लाल दिवा लावला. स्वतःच्या कारखान्याची हळद त्यांच्या रक्तात औषधालाही नव्हती. सगळ्या देशांनी मिळून केलेला नियम साधा होता: माल करणाऱ्याने तो आधी स्वतः खाऊन उष्टा करायचा, मगच माल जहाजावर चढायचा.

“हरकत नाही, दादासाहेब,” तपासनीस कुंदा आरवाडे गोड हसली. “इथं माझ्यासमोर घेतलंत तरी चालतं.” तिने हळदीच्या दुधाचा पेला पुढे सरकवला.

दादासाहेबांनी आवाज खाली आणला. “बाई, काही देऊनघेऊन मिटवू की...”

“चिमूटभरानं काय होतंय?” कुंदा म्हणाली. त्यांच्या हळदीने तिच्या लेकाची बुद्धी खुंटली, तेव्हा कोर्टात त्यांनी तिला हेच विचारलं होतं, आणि हसत हसत सुटले होते.

दादासाहेबांनी पेला ओठांपर्यंत नेला आणि खाली ठेवला.

“नको. शिशाचा रंग असतो त्यात,” ते पुटपुटले.

यंत्राला जीभ होती तसे कानही होते. ते वाक्य त्याच क्षणी जगातल्या प्रत्येक बंदराला कळलं.

कुंदाने पेला उचलला आणि चवीचवीने, ओठावर पिवळी मिशी उमटेपर्यंत, रिकामा केला.

“माझ्या परसातली हळद होती, दादासाहेब. विचारलं असतंत, तर सांगितलं असतं.”