ओ दे

"बाटी खादो क?"

जमनाबाईंची हाक अंगण ओलांडून पलीकडच्या खोलीवर गेली आणि उज्ज्वलाच्या हातातला वरणाचा डाव तसाच राहिला. जेवलास का, एवढंच त्या रोज संध्याकाळी आपल्या बंजारा गोरबोलीत नवऱ्याला विचारायच्या. पण आज त्या खोलीत देवीलाल नव्हता. पहाटे त्याला यवतमाळला नेलं आणि दुपारी दवाखान्यातून फोन आला, तो गेला.

कोरोनाची दुसरी लाट आली तशी राळेगावजवळचा हा वृद्धाश्रम सांभाळणाऱ्या उज्ज्वलाने फाटकाला कुलूप घातलं होतं. लेकीला माहेरी ठेवून ती स्वतः इथंच मुक्कामाला आली. तरी ताप आत शिरलाच. देवीलालला अंगणापलीकडं वेगळं ठेवलं आणि जमनाबाईंना पडवीची पायरी उतरायची बंदी झाली. पोटी मूल नसलेली ती दोघं मग एकमेकांना हाका मारून बोलायची.

आता त्या खोलीत रामधन होता. जन्मभर कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली केलेला, तिरसट म्हातारा. त्याला भेटायला कधी कोणी आलं नव्हतं. सकाळी त्याच्या अंगात ताप भरला आणि त्याला तिकडं हलवावं लागलं.

जमनाबाईंचं काळीज कमजोर. डॉक्टरांनी बजावलं होतं, धक्का देऊ नका. काय सांगावं, कसं सांगावं, उज्ज्वलाला सुचेना. तेवढ्यात बंद दारामागून खोकल्याची उबळ आली आणि पाठोपाठ घोगरा आवाज.

"खादो!"

देवीलाल रोज हेच उत्तर द्यायचा. अख्ख्या आश्रमाला ते पाठ होतं.

उज्ज्वला ताट घेऊन खोलीच्या दाराशी गेली. "काका, तुम्ही काहून ओ दिली?"

"दुपारचा फोन मीबी आयकला. मंग काय सांगू तिले? तुहा माणूस मेला म्हणून?" रामधनने भिंतीकडं तोंड फिरवलं.

मग रोज तसंच होऊ लागलं. हाक जायची, ओ यायची. उज्ज्वला रोज ठरवायची, उद्या सांगू, आणि उद्या तिची जीभ उचलायची नाही. हळूहळू जमनाबाई मराठीतून बोलू लागल्या. गोळी घेतली का? उन्हाचा लय तडाखा हाय, पाणी पी. आतून "हो, हो" यायचं.

एका संध्याकाळी मात्र ओ आली नाही. रामधनचा दम वाढला होता. उज्ज्वलाने गाडीसाठी फोन लावले, पण गाडी मिळेना. जमनाबाई पडवीचा खांब धरून उभ्या राहिल्या आणि ओरडत सुटल्या, "ओ दे रे! झोपू नको! ओ दे!" त्यांचा घसा बसला, तरी त्या थांबल्या नाहीत. खूप वेळाने आतून कण्हल्यासारखं आलं, "खादो." तेव्हा कुठं त्या मटकन खाली बसल्या.

रामधन वाचला. ताप उतरला, अंगात थोडी ताकद आली आणि एका सकाळी तो काठी टेकत अंगणात आला. जमनाबाईंकडं न बघता लिंबाखाली जाऊन बसला.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. उज्ज्वला जमनाबाईंच्या पायाशी बसली. "माय, मी तुमच्याशी खोटं बोलली..."

"मले ठाऊक हाय, पोरी. पहाटे गाडी आली तवा मी जागीच होती. दुपारी फोन ठेवल्यावर तुहं तोंड पायलं, अन् समजून गेली. जन्म काढला मी त्याच्यासंगं. त्याचा आवाज वळखत नाई का?"

उज्ज्वलाने मान वर केली. "मंग... रोज हाका कोणाले मारत होत्या?"

जमनाबाईंनी लिंबाखाली बसलेल्या रामधनकडं पाहिलं.

"त्याले कोण होतं, सांग? एकटा पडला होता आत. मी रडत बसली असती, तर त्याले हाक कोणं मारली असती?" त्यांनी पदर तोंडाशी नेला. "आता तो बाहेर आला. आता सांग, माह्या माणसाले कुठं जाळलं?"