सासूबाईंची गाठ

“गाठ आहे,” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी बिस्किट चहात बुडवलं. “छातीत. डावीकडे, वरच्या अंगाला. वाटाण्याएवढी.”

मुलाने वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि लगेच पुन्हा उचललं. आईच्या छातीविषयी काय बोलावं, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

“कधीपासून?” सुनेने विचारलं.

“लक्षात आली तेव्हापासून.”

सून ड्रायव्हिंग स्कूल चालवायची. दिवसभर परक्या माणसांच्या हाती जीव सोपवून चेहरा शांत ठेवायचा, हाच तिचा धंदा. आत्ताही तिने तो शांत ठेवला, पण आतून ती चांगलीच हबकली. कॅन्सर या घराला नवा नव्हता. दोन वर्षांपूर्वी तिच्याच पाठीवरचा एक तीळ उगाच पसरायला लागला आणि तपासल्यावर तो त्वचेचा कॅन्सर निघाला. तीळ गेला, टाकेही गेले. डॉक्टरीणबाईंनी मात्र बजावलं होतं, “पाहुणा गेला असं समजू नका. हा मागच्या दाराने परत येतो. फुप्फुसात, यकृतात, अगदी स्तनातसुद्धा. दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं.”

ती एकदा गेली. मग सुट्टीतल्या बॅचेस सुरू झाल्या, मग नवी गाडी आली, मग जुनी बिघडली. तपासणीची आणि तिची जी चुकामूक झाली, ती झालीच.

“उद्याच दाखवू,” ती म्हणाली. “हे नेतील तुम्हाला.”

“हा? याला बनियन आणायला पाठवलं तर दुकानातून फोन करून स्वतःचं माप विचारतो.”

वर्तमानपत्र जरा आणखी वर गेलं.

“मग ताईंना बोलवू?”

“लेकीला सांगितलं म्हणजे दवंडी पिटली. तूच चल. आणि दुसरीकडे कुठे नको, तुझ्या त्या बाईंकडेच.”

“त्या माझ्या तिळाच्या डॉक्टर, आई.”

“तीळ काढला, तसा वाटाणाही काढतील.”

सासूबाई शिवणाच्या बाई. क्लासमधून निवृत्त झाल्या होत्या, पण गळ्यातली टेप काही निवृत्त झाली नव्हती. घरात सगळ्यांचे कपडे त्या शिवत. तयार कपडा म्हणजे कोणाच्याच मापाचा नसलेला कपडा, असं त्यांचं ठाम मत. गेल्याच महिन्यात सुनेच्या कुर्त्याचं फिटिंग बघताना त्या मधेच थांबल्या होत्या. तोंडात टाचण्या, हात काखेजवळच्या चुणीवर. आता वजनावरून टोमणा येणार म्हणून सुनेने श्वास रोखून धरला. टोमणा आला नाही. “राहू दे, उरलेलं नंतर,” एवढंच त्या म्हणाल्या. बिचाऱ्यांना तेव्हापासूनच बरं वाटत नसणार, हे सुनेच्या आता ध्यानात आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दोघी स्कूलच्या गाडीतून निघाल्या. या गाडीला शेजारच्या सीटपुढेही ब्रेक असतो, शिकवणाऱ्यासाठी. सासूबाईंना तो पहिल्याच चौकात सापडला.

“आई, पाय काढा!”

“सिग्नल पिवळा होता.”

“मला दिसत होता.”

“दिसतं गं तुला. थांबत नाहीस.”

मागच्या रिक्षावाल्याने दोघींच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. सासूबाईंनी खिडकीतून मान बाहेर काढून त्याला शर्टाचं तुटलेलं बटण लावून घ्यायला सांगितलं.

तपासणीच्या खोलीत डॉक्टरीणबाईंनी पडद्याकडे बोट दाखवलं. सासूबाई खुर्चीला चिकटून बसल्या.

“आधी तू.”

“मी? मला काय झालंय?”

“मला भीती वाटते. नव्या मुलींना कात्री धरायला शिकवताना मी आधी जुन्या चादरीवर चालवून दाखवायचे. आज तू माझी चादर.”

“आई, तिकडे माझा विद्यार्थी ताटकळतोय. रिव्हर्स शिकायचंय त्याला.”

“मग आटप लवकर. नाहीतर ही मी चालले घरी, गाठीसकट.”

आणि त्या खरंच उठल्या. या बाईने एकदा नाही म्हटलं की पुन्हा इथे आणणं कठीण, हे सून ओळखून होती. तिने डॉक्टरीणबाईंकडे बघून कपाळावर हात मारला आणि ती पडद्याआड गेली.

डॉक्टरीणबाईंचा हात सराईतपणे फिरत होता. सून छताकडे बघत मनातल्या मनात विद्यार्थ्याची माफी मागत होती. हात डावीकडे वर गेला. थांबला. पुढे सरकला, आणि परत मागे आला.

“पाठीची तपासणी शेवटची कधी झाली?”

सुनेने मनातल्या मनात महिने मोजायला घेतले आणि मधेच सोडून दिले.

“आजच सुईने नमुना घेऊ. मग सगळ्या शरीराचा स्कॅन. घाबरू नका, आता या आजारावर चांगली औषधं आहेत. पण आणखी काही महिने काढले असतेत ना, तर फार उशीर झाला असता. बरं केलंत, आलात.”

“पण मी आलेच नाहीये,” सून म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. “मी यांना घेऊन आलेय.”

तिने कुर्ता चढवला, बटणं लागतील तशी लावली आणि पडदा सरकवला. सासूबाई समोरच उभ्या होत्या.

“आई, माझं नंतर बघू,” ती म्हणाली. डोळे भरले होते, तरी सूर शिकवणीचाच होता. “तुम्ही चला आत. तुमची गाठ दाखवा आधी.”

सासूबाई पुढे आल्या. कुर्त्याची बटणं वरखाली लागली होती. ती त्यांनी एकेक करून सोडवली आणि एकेक करून नीट लावली. वर मात्र बघितलं नाही.

“मला कुठे गाठ आहे?” त्या म्हणाल्या.